सील न तोडता

आमच्या घरचा संगणक हँग होतो ही बातमी मी स्वतः कोणालाही सांगितली नव्हती. तरी दसऱ्यानंतर मी सकाळी दूध आणायला निघालो, की भोपाळच्या अवधपुरीतली निम्मी कॉलनी मला "अब कैसा है?" असं विचारू लागली. घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असलं की लोक विचारतात, त्याच सुरात. मी "ठीक है" म्हणायचो. ठीक नव्हतं.

हँग होणं म्हणजे काय, हे ज्यांच्यावर वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चालता संगणक एकाएकी थांबतो. पडद्यावर सगळं जागच्या जागी असतं. बाण असतो, पण हलत नाही. कोपऱ्यात घड्याळ असतं, पण वेळ पुढे जात नाही. मी राज्य सरकारच्या एका खात्यात अनुभाग अधिकारी आहे. सगळं जागच्या जागी असून काहीच पुढे न सरकणं हा प्रकार मला परका नाही. पण तो ऑफिसात शोभतो. घरात, तोही मुलीच्या परीक्षेच्या तोंडावर, शोभत नाही.

अबोली आमची एकुलती एक. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा द्यायला बसली. आता ही परीक्षा घरबसल्या असते. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात खोलीत दुसरं माणूस नको, मोबाईल नको, कॅमेरा सतत चालू, आणि ज्या संगणकावर नमुना चाचणी दिली त्याच संगणकावर खरी परीक्षा. मधेच बंद पडला तर एकदा परत आत घेतील. दुसऱ्यांदा बंद पडला, तर पुढच्या वर्षी या.

अबोली तुलसी नगरला स्नेहाकडे, म्हणजे मैत्रिणीकडे जाऊन तिच्या लॅपटॉपवर सगळं करणार होती. "घरात एवढा मोठा संगणक असताना लोकांच्या दारात जाऊन परीक्षा द्यायची?" असं तिला म्हणणारा मी. हे वाक्य मी भरल्या पोटी, आरामखुर्चीत बसून म्हणालो होतो, आणि म्हणताना मला फार छान वाटलं होतं. नमुना चाचणी घरी झाली. संगणक लोण्यासारखा चालला. मग खंडेनवमी आली.

शोभाचं माहेर नागपूरचं. खंडेनवमीला तिच्या तावडीतून घरातलं एकही हत्यार सुटत नाही. स्कूटर, शिवणयंत्र, इस्त्री, मिक्सर, विळी, माझं दाढीचं यंत्र, सगळ्यांना ओल्या कुंकवाचं बोट लागतं. यंदा संगणकाचा मान पहिला, कारण परीक्षा. त्याचा जो उभा डबा असतो, ज्यात खरा जीव असतो, त्याला तिने स्वस्तिक काढलं, झेंडू वाहिला, अक्षता वाहिल्या. डब्याच्या डोक्यावर हवा खेळायला जाळी आहे. "इथे फूल किती छान बसतं बघा," शोभा म्हणाली. मी हात जोडले.

दोन दिवसांनी तो पहिल्यांदा हँग झाला.

अबोली ओरडली नाही. तिने बटण दाबून तो बंद केला, चालू केला, आणि "बाबा, अजून वेळ आहे," असं म्हणाली. हे वाक्य डॉक्टर नातेवाईकांना म्हणतात.

बातमी भिंतीपलीकडे गेली आणि गजाननराव आले. गजाननराव वडनेरकर आमचे शेजारी. जवळच्या मोठ्या कारखान्यात टर्बाइन विभागात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यापासून जगात जे जे फिरतं ते ते त्यांच्या अखत्यारीत येतं. त्यांनी एक लांब स्क्रू-ड्रायव्हर डब्याला टेकवला, त्याच्या मुठीला कान लावला आणि डोळे मिटले.

"श्रीकांतराव, घरघर आहे."

"म्हणजे?"

"बेअरिंग."

"यात बेअरिंग असतं?"

"जे फिरतं त्यात बेअरिंग असतंच. उघडा."

इथे पहिला पेच पडला. डब्याच्या पाठीमागे एका स्क्रूवर बोटाच्या नखाएवढा कागद चिकटवलेला आहे. त्यावर छापलंय, 'सील टूटने पर वारंटी समाप्त'.

"अहो, पण वॉरंटी कधीच संपली!" शोभा म्हणाली.

"वॉरंटी संपली. सील संपलं असं कुठे लिहिलंय?"

गजाननराव माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळणार नाही. माझी सगळी नोकरी सीलबंद पाकिटांवर उभी आहे. आमच्या खात्यात एका कपाटाची किल्ली हरवली तेव्हा कपाट न फोडता आम्ही दुसरं कपाट घेतलं. सील तोडण्याआधी ते तोडायचा अधिकार कोणाचा, हे ठरावं लागतं. विक्रेत्याला फोन लावला तर दुकान बंद होऊन तिथे मोमो मिळू लागले होते.

"बरं, मग नका उघडू," गजाननराव म्हणाले. "मग हे अर्थिंग."

अर्थिंग म्हणजे जमिनीत खड्डा, खड्ड्यात तांब्याची पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ, असं त्यांनी मला कपावर कप चहा पीत समजावलं. कारखान्यात त्यांनी असे खड्डे किती केले याला गणती नाही. आमच्या खिडकीखाली सोसायटीची जास्वंद आहे, तिच्या बुडाशी जागा ठरली. रविवारी सकाळी ते बनियनवर कुदळ घेऊन उतरले आणि मी मिठाचं पोतं धरून उभा राहिलो. खड्डा गुडघ्याइतका होतो न होतो तोच सोसायटीचे सेक्रेटरी शैलेंद्रजी ट्रॅकसूटमध्ये आले. भोपाळात माझं पांढरीपांडे हे आडनाव पूर्ण उच्चारायला कोणाला सवड नसते.

"पांडेजी, कॉमन एरिया में क्या गाड़ रहे हैं?"

"अर्थिंग."

"किसकी?"

"कंप्यूटर की."

ते खड्ड्याकडे बघत राहिले. कोळसा, मीठ, कुदळ, दोन मराठी माणसं.

"देखिए, मैं तो समझता हूं," ते हळू आवाजात म्हणाले, "पर लोग कुछ और समझ लेते हैं. आप आवेदन दे दीजिए. दिवाली के बाद मीटिंग में रख लेंगे."

परीक्षा दिवाळीच्या आधी होती. 'विषय मीटिंगमध्ये ठेवू' हे वाक्य मी स्वतः आयुष्यभर लोकांना ऐकवत आलो आहे. ते समोरून येतं तेव्हा असं लागतं हे मला माहीत नव्हतं. खड्डा बुजवला. मीठ मात्र त्यातच राहिलं. जास्वंदीने त्यानंतर मान टाकली, आणि खालच्या मजल्यावरच्या सिंधूताईंनी शोभाला विचारलं, "नजर उतरवायला तुमच्या नागपूरकडे एवढं मोठं करतात का गं?"

इकडे संगणक हँग होतच होता. कधी दिवसभर बरा असायचा. अबोली सराव सुरू करायची, आम्ही दोघं स्वयंपाकघरात श्वास धरून भाजी निवडायचो, आणि मग आतून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज यायचा. तिने भिंतीवर एक तक्ता लावला. केव्हा हँग झाला, तेव्हा खोली किती तापली होती, पंखा चालू होता का, व्होल्टेज किती होतं.

"बाबा, मंगळवारी आणि गुरुवारी जास्त होतो," ती एक दिवस म्हणाली.

"त्या दिवशी कारखान्याचा लोड असतो," गजाननराव म्हणाले.

"आणि चतुर्थीला."

"चतुर्थीला," गजाननराव थोडं थांबून म्हणाले, "बघावं लागेल."

"माहिती अपुरी आहे," अबोलीने निकाल दिला. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसू लागलं होतं. शोभाला ते बघवत नव्हतं. संगणक असा वागू लागल्यापासून तिने त्याला रोजच्या पूजेत घेतलंच होतं, त्यातून मंगळवारी आणि चतुर्थीला गणपतीची, गुरुवारी दत्ताची मोठी पूजा झाली की ती ताम्हन घेऊन आधी त्याच्याकडे जायची. "तेवढंच आपल्या हातात आहे," ती म्हणायची. मी तिला अडवलं नाही. माझ्या हातात तेवढंही नव्हतं.

शेवटी संगणक दुकानात न्यायचं ठरलं. कोलार रोडला एक दुकान आहे, तिथल्या माणसाने हात लावला की मशीन बोलतं, असं ऑफिसात कोणीतरी सांगितलं. डबा रजईत गुंडाळला आणि रिक्षात मागच्या सीटवर आडवा घातला. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. रिक्षावाल्याने आरशात दोनदा बघितलं. "को खां, आराम से चलूं?" त्याने अस्सल भोपाळी थाटात विचारलं. कोलार रोडचे खड्डे आराम से घेता येत नाहीत. डबा माझ्या मांडीवर उलटासुलटा झाला, एकदा तर पूर्ण पालथा, आणि मी त्याला थोपटत राहिलो.

दुकानात तो सुरू केला आणि तो चालला. मी चहा प्यायलो, शेजारी जाऊन पोहे खाऊन आलो, तो चालतच होता. दुकानदाराने त्यावर एक अख्खा सिनेमा लावून ठेवला, तरी घड्याळ पुढे सरकत होतं.

"इसमें तो कुछ नहीं है, अंकल."

"घर पे हँग होता है."

"यहां तो नहीं हो रहा."

"खोलके देखिए ना."

"चलती मशीन को क्यों खोलना? सील भी लगी है."

सीलला मान देणारा माणूस मला बऱ्याच दिवसांनी भेटला होता. मी वाद घातला नाही.

घरी आलो तर शोभा दारातच उभी. "थांबा," म्हणाली. तिने माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, डब्यावर पाणी फिरवलं, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, मग आत घेतलं. आजारी माणूस बरा होऊन आल्यासारखं घरात वातावरण होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो हँग झाला.

पुन्हा रजई, पुन्हा कोलार रोड. पुन्हा दुकानात तो मुलगी बघायला आलेल्या मुलासारखा शहाणपणाने वागला. दुकानदाराने या वेळी माझ्याकडे संशयाने नाही, दयेने बघितलं. "अंकल, बुरा मत मानना. आपके घर में ही कुछ है."

परतताना मी रिक्षा गणपतीच्या देवळाजवळ थांबवली. मी देवाधर्माचा माणूस नाही, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. पण रिक्षावाल्याला पाणी प्यायचं होतं. पुजाऱ्याने प्रसादाबरोबर अक्षतांची पुडी दिली, ती मी खिशात ठेवली. तिचं पुढे काय झालं हे इथे सांगण्याची गरज नाही.

परीक्षा घेणाऱ्यांचा मदत क्रमांक होता. तो मी सोडला नाही.

"हां जी, अबोली बोल रही हैं?"

"नहीं, उसके पिताजी."

"कैंडिडेट से बात करवाइए, सर."

अबोलीने फोन घेतला, दुसऱ्या संगणकावरून परीक्षा देता येईल का विचारलं, आणि 'मेल कर दीजिए' असं ऐकून ठेवला. मेल केली. लगेच उत्तर आलं, 'आपका अनुरोध विचाराधीन है.' मी ते दोनदा वाचलं. विचाराधीन म्हणजे काय हे त्या घरात फक्त मला माहीत होतं, आणि मी ते कोणाला सांगितलं नाही.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी अबोली शेवटच्या सरावाला बसली. गजाननराव धीर द्यायला येऊन गेले, डब्यावरून हात फिरवून गेले. दिवेलागणीला तो हँग झाला. बाणाकडे बघत अबोली तशीच बसून राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "मी तेव्हा स्नेहाकडेच…"

ती उठून गॅलरीत गेली. मी खुर्चीत बसून तो बाण हलवून बघत राहिलो. वाक्य पूर्ण झालं असतं तर मला त्याचं काहीतरी उत्तर देता आलं असतं.

सकाळी संगणक सुरू केला, तो व्यवस्थित सुरू झाला. त्याचा आता कोणालाच आनंद होत नव्हता. दहाला परीक्षेत आत शिरायचं होतं. गजाननराव सकाळीच येऊन खिडकीशी उभे राहिले. मी टेबलाखाली गुडघ्यावर बसून डब्याला कान लावला होता. इतक्या दिवसांत मला त्याची सवयच लागली होती. आतून एकसारखी घरघर येत होती, फुर्रर्र अशी, झोपलेल्या म्हाताऱ्यासारखी.

शोभा ताम्हन घेऊन आली. तिने अबोलीला ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. मग वळली, डोळे मिटले, आणि ओंजळीतल्या उरलेल्या ओल्या अक्षता डब्याच्या जाळीवर वाहिल्या.

फुर्रर्र. टक्. टक्टक्. मग शांत.

मी कान काढला. पुन्हा लावला. घरघर नव्हती.

"शोभा," मी टेबलाखालून म्हणालो, "तू आत्ता काय केलंस?"

"काय केलं म्हणजे? रोज करते तेच केलं!"

टेबलाखाली माणूस एकटा असतो. मंगळवार, गुरुवार, चतुर्थी, रजई, पालथा डबा, दारातलं स्वागत, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून एकामागोमाग एक गेलं, आणि मी इतक्या झटक्यात उठलो की डोकं टेबलाला आपटलं.

"बंद कर! अबोली, बंद कर!"

"बाबा, पावणेदहा झालेत!"

"बंद कर म्हणतो ना!"

तिने बंद केला. मी सगळ्या वायरी ओढून काढल्या. "स्क्रू-ड्रायव्हर आणू?" गजाननराव धावत म्हणाले. "सीलला हात लावायचा नाही," मी म्हणालो. पेपर अंथरला, डबा दोन्ही हातांनी उचलला आणि सुपात धान्य पाखडावं तसा पालथा करून हलवला.

आधी एक अक्षत पडली. मग चार. मग सर्रर्र करून पाऊस पडावा तशा पडल्या. वाळलेल्या, चिकटलेल्या, कुंकवाने एकमेकींना धरून गठ्ठे झालेल्या. त्यांच्यामागून झेंडूच्या पाकळ्या आल्या. एवढे दिवस आमचा संगणक आतला पंखा अडकून, गुदमरून थांबत होता. तरी जमेल तेवढं काम करत होता.

शोभा पेपराशी बसली आणि तिने एक दाणा उचलून उजेडात धरला.

"हा चिन्नोर तांदूळ. माझा," ती म्हणाली. "म्हणजे माझ्यामुळेच माझ्या मुलीचं…"

"थांब," मी म्हणालो. कारण पेपरावर आणखी काहीतरी होतं.

शोभानेही ते बघितलं. तिने बोटाने ढीग पसरला. "हा बासमती. लांब. आमच्याकडे अक्षतांना बासमती वापरत नाहीत."

आम्ही सगळ्यांनी खिडकीकडे बघितलं. गजाननराव छताच्या पंख्याकडे बघत होते. "काल संध्याकाळी आलो तेव्हा," ते म्हणाले, "म्हटलं, आपलाही हातभार. शेगावच्या आहेत."

"आणि या हळदीच्या? पिवळ्या? या तर देवळातल्या दिसतात."

मी वायरी मोजू लागलो. अबोलीने माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली, अगदी थोडी.

"आणि हे तुळशीचं पान कोणी टाकलं?" शोभाने विचारलं.

अबोली की-बोर्ड सरळ करू लागली.

"तो प्रयोग होता," संख्याशास्त्रातली एम.एस्सी. म्हणाली. "एकच पान."

शोभाने पेपर गोळा केला, डोळे पदराला पुसले, आणि उठली. गजाननरावांनी तोंडाने जाळीवर फुंकर मारली, वायरी लावल्या, बटण दाबलं. फुर्रर्र. इतकी मोकळी घरघर आम्ही दसऱ्यापासून ऐकली नव्हती. "बेअरिंग नाही," गजाननराव म्हणाले, "पण फिरणाऱ्यातच होतं, हे मी म्हटलं होतं."

दहाला थोडा वेळ उरला होता. "चला, सगळे बाहेर," अबोली म्हणाली. आम्ही निघालो. दारात शोभा थांबली.

"मी ओवाळत होते आणि तुम्ही मधेच ओरडलात. अर्धवट राहिलं."

"शोभा."

"अर्धवट ओवाळणं चांगलं नसतं. मशीनचं राहू दे, अबोलीचं तरी पूर्ण करू द्या."

अबोली खुर्चीत बसलेली, डबा तिच्या पायाशी, आणि ताम्हन हातात घेतलेल्या बाईचा नेम किती सांगता येतो? मी परत आत गेलो, वाकलो आणि जाळीवर डोकं आडवं धरलं. माझ्या डोक्यावर केस फारसे नाहीत, तेवढ्यापुरता त्याचा उपयोग झाला. शोभाने निरांजन ओवाळलं, हात उचलला, आणि अक्षता पडल्या. अबोलीवर थोड्या. बाकी सगळ्या माझ्यावर. ओल्या होत्या, चिकटल्या.

दार लागलं. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. कुकर लावला नाही, टीव्ही लावला नाही, बेल काढून ठेवली. शैलेंद्रजी आवेदनाचं विचारायला आले, त्यांनाही गजाननरावांनी तोंडावर बोट ठेवून शेजारी बसवलं. आतून फक्त की-बोर्डचा आवाज येत होता. तो थांबला की आमचा श्वास थांबायचा. तो पुन्हा सुरू झाला की शोभा माझा हात सोडायची.

कपाळावर एक अक्षत हळूहळू भुवईकडे घसरत होती. मी ती पुसली नाही. मान ताठ धरून बसलो. का, ते मला सांगता येणार नाही, आणि शैलेंद्रजींनी विचारलंही नाही.

दार उघडलं तेव्हा अबोली दारातच टेकून उभी राहिली.

"झालं," ती म्हणाली. "एकदाही नाही."

शोभा रडू लागली. गजाननरावांनी शैलेंद्रजींना मिठी मारली. शैलेंद्रजींना काहीच माहीत नव्हतं, तरी त्यांनी "बधाई हो, बधाई हो" म्हणत ती घेतली. अबोली माझ्याजवळ आली.

"बाबा, डोक्यावर अक्षता आहेत अजून. पुसा."

"निकाल कधी आहे?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर."

मी मान न हलवता उठलो आणि टोपी शोधायला आत गेलो.